फणसाखालचा उतार

रोह्यात डोंगराला पाठ लावून असलेल्या एका घराच्या परसात मी माझ्या कामातली सगळ्यात मोठी चूक केली. ती निस्तरताना मला माझा धंदा कळला. त्याआधी तेरा वर्षं मी बागकामच करत होतो, ही गोष्ट वेगळी.

लोक मला दामू माळी म्हणतात. जातीनं मी माळी नव्हे. आम्ही पेणच्या खाडीकाठचे, वडील आणि काका सगळे मिठागरात. आमच्या गावात जमिनीतून मीठ निघायचं, दुसरं फारसं काही नाही. दारातली तुळससुद्धा आईने डब्यात, लांबून आणलेल्या गोड्या पाण्यावर जगवलेली. अशा घरातल्या मुलाला झाडांचं वेड लागलं याचं आमच्या वडिलांना शेवटपर्यंत नवल होतं. 'मिठात राबून पोराचं डोकं फिरलं' असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, पण सांगताना हसत.

रोह्याच्या एका कंपनीत मी बागेवर लागलो. कंपनीची बाग म्हणजे सपाट जमीन, दिवसभर ऊन आणि हवं तेव्हा नळाचं पाणी. तिथे मी लॉन लावायला शिकलो, कापायला शिकलो, मेंदीच्या कुंपणाला भिंतीसारखी धार काढायला शिकलो. साहेब लोक शाबासकी द्यायचे. तेरा वर्षांनी बाग ठेकेदाराकडे गेली तेव्हा मी बाहेर पडलो आणि लोकांच्या घरच्या बागा करायला लागलो. आपल्याला सगळं येतं, अशी माझी पक्की समजूत होती.

त्याच सुमारास रशीदभाईंनी मला बोलावलं. रशीदभाई कुवेतला नोकरीला होते. दोन वर्षांनी एकदा रजेवर येत, दोन-तीन महिने राहत. घरी त्यांची आई हलीमाचाची, बायको नूर आणि दोन लहान मुलं. घर जुनंच, पण पुढून नवं केलेलं. मागे पडवी, पडवीच्या कडेला न्हाणी आणि विहीर, आणि विहिरीपासून थेट वर चढत गेलेला उतार. उतारावर मधोमध एक प्रचंड फणस आणि जरा वर दोन आंबे. डोंगर पश्चिमेला, त्यामुळे दुपार कलायच्या आतच परसातला उजेड विझायचा. सकाळचं ऊन ही तीन झाडं अडवायची. खाली सगळं रान होतं. नेचे, रानअळू, हळदीसारख्या पानांची चवर, कसल्याकसल्या वेली, आणि त्यावर वर्षानुवर्षांचा पातेरा, म्हणजे वाळलेल्या पानांचा थर. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जाई.

"हे सगळं काढायचं," रशीदभाई म्हणाले. "हितं लॉन पायजे. खालपासून वरपर्यंत. हिरवंगार."

मी वर बघितलं. भर सकाळी दहाची वेळ, आणि जमिनीवर उन्हाचे रुपयाएवढे चार-पाच ठिपके होते. मला त्याच क्षणी कळलं होतं की इथे लॉन होणार नाही. लॉनच्या गवताला ऊन लागतं, एवढं कंपनीत नव्या लागलेल्या पोरालाही माहीत असतं. मी "सावली जास्त हाय" एवढंच पुटपुटलो.

रशीदभाईंनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. ते पडवीच्या पायरीवर बसले आणि मला शेजारी बसवून सांगायला लागले. "आमच्या सायबाचा बंगला हाय ना तिथं, त्याच्यापुढं लॉन हाय. वाळवंटात, दामू! दिवसातून दोनदा कारंजी फिरतात. मी रोज त्याच्या कडेनं जातो. कडेनं. आमाला त्याच्यावर पाय ठेवाया परवानगी नाय. आठ वरसं झाली, कडेनंच जातोय. माजी पोरं लोळली पायजेत लॉनवर. घरच्या लॉनवर."

आता सांगा, अशा माणसाला नाही कसं म्हणणार? मीही म्हणालो नाही. म्हणजे तो शब्द उच्चारलाच नाही. काम मोठं होतं, माझं स्वतःचं पहिलं मोठं काम, आणि समोरचा माणूस असा मन उघडून बोलत होता. मी म्हटलं, "करू."

हलीमाचाची पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. वयाने सत्तरीच्या, अंगाने काटक, आवाज मात्र गच्चीवरून हाक मारावी असा. त्या सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "पन्नास वरसं मी ह्या उताराला काय केलं नाय. माती जाग्यावर हाय. पावसाच्या तोंडाला शेवळं येतात ती काढते, झिंगे घालून करते. बाकी हात लावीत नाय. तुमी लावताव तर इचार करून लावा."

"आम्मी, तुला नाय कळायचं ह्यातलं," रशीदभाई म्हणाले. मी मान खाली घालून टेप काढला आणि मोजमाप सुरू केलं.

पंधरा दिवस चार माणसं लावून आम्ही तो उतार नागडा केला. पातेरा ओढून जाळला, नेचे उपटले, पहारीने कंद खणून काढले. त्या कंदांत चाचींची रानभाजी, ती शेवळंही, गेली. जमीन एकसारखी दिसावी म्हणून बाहेरून लाल माती आणून वर पसरली. ती खाली सरू नये म्हणून पायथ्याशी, विहिरीच्या वरच्या अंगाला, सिमेंटची कमरेएवढी भिंत घातली. छान गुळगुळीत, पांढरा रंग दिलेली. मग चिमटी-चिमटीने गवत लावलं आणि दिवसातून तीनदा पाणी मारलं.

आणि लॉन आलं हो! मे महिन्यात आंब्याची जुनी पानं गळून गेली होती, थोडाफार उजेड पडत होता, पाणी भरपूर. पातळ का होईना, हिरवा रंग आला. पोरं त्यावर घसरगुंडी खेळली. रशीदभाईंनी सगळ्यांना उभं करून फोटो काढले, मलाही मध्ये उभं केलं. आठवड्याने ते कुवेतला गेले. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तू माजं मोठं काम केलंस."

जूनमध्येच गवत पिवळं पडायला लागलं. वरून फणसाची पानं पडायची, ती भिजून गवतावर चिकटायची आणि खालचं गवत कुजायचं. मी आठवड्यातून दोनदा जाऊन पानं वेचत असे. जुलैत पावसाने जोर धरला. सलग तीन दिवस धार तुटली नाही, आणि चौथ्या दिवशी दुपारी तो उतार खाली आला.

मी तिथे नव्हतो. नूरभाभींनी नंतर सांगितलं. आधी भिंत फुगल्यासारखी दिसली, मग मधोमध तडकली आणि मागचा सगळा राडा पडवीत शिरला. विहीर अर्धी चिखलाने भरली. चाची तेव्हा नमाजाच्या आधी वजू करायला न्हाणीपाशी गेल्या होत्या. चिखलाचा लोंढा त्यांच्या अंगावर आला नाही, एवढं नशीब. पण परत फिरताना पाय घसरला, आणि त्या कमरेवर आपटल्या. खुब्याचं हाड मोडलं.

निरोप मिळाल्यावर मी धावत गेलो. चाचींना गाडीतून पनवेलला नेलं होतं. मी एकटा त्या पडवीत उभा राहिलो. समोर माझी पांढरी भिंत दोन तुकडे होऊन पडली होती आणि तिच्यावरून लाल पाणी वाहत होतं.

इथे जरा आमच्या धंद्यातलं सांगतो, म्हणजे काय झालं ते कळेल. उतारावरची माती तिथे राहते ती मुळांमुळे. लॉनच्या गवताची मुळं वीतभरसुद्धा खोल जात नाहीत. मी खोल मुळांची झाडं काढली आणि त्या जागी वीतभर मुळांची चादर पसरली, तीही सैल, बाहेरून आणलेल्या मातीवर. त्यावर भिंत घातली सिमेंटची. तिला पाणी जायला एकही भोक ठेवलं नाही, कारण भोकं ठेवली तर रंगावर ओघळ येतात आणि वाईट दिसतं! डोंगराचं पाणी मातीत मुरत गेलं, भिंतीमागे साठत गेलं, आणि मावेना तेव्हा भिंत घेऊन निघालं. एवढं साधं होतं. आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी बघितली. फणसाच्या बुंध्याभोवतीची जमीन, जिथवर त्याची मुळं होती तिथवर, तसूभर हलली नव्हती.

चाची दीड महिन्याने घरी आल्या. ऑपरेशन झालं होतं. पुढच्या खोलीत खाटेवर पडून असत. त्याच खोलीत फोन होता. मी रोज संध्याकाळी जाऊन विहिरीतला आणि पडवीतला चिखल काढत असे. एक दिवस रशीदभाईंचा फोन आला. आईशी बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, दामू आहे का? नूरभाभींनी मला हाक मारली.

"दामू, काय झालं रे नक्की?" ते विचारत होते. आवाज लांबून येत होता, मध्येच तुटत होता.

मी म्हणालो, "रशीदभाई, ह्या वर्षी पाऊसच असा झाला. त्याच्यापुढं कुणाचं काय चालणार?"

"व्हय रे," ते म्हणाले. "तुजा काय दोष. पुढच्या साली पुन्ना लावू."

मी फोन ठेवला. चाची माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "पावसाला कशाला नाव ठेवतोस? पाऊस दर वरसाला येतो."

खाटेच्या पायाशी खाली बसलो. तिथे बसूनच मी त्यांना सगळं सांगितलं. पहिल्या दिवशीच मला माहीत होतं, तरी मी गप्प बसलो, भिंतीला भोकं ठेवली नाहीत, सगळं.

माझं संपल्यावर म्हणाल्या, "माज्यापाशी बोलून काय होनार? माजं हाड तर मोडलंच. ज्याला खोटं बोललास त्याला सांग. आनि फोनवर नको. तो आला की समोर उभा राहून सांग."

"व्हय चाची."

"आनि आता तो चिखल काढतोस तो काढ. पन वर हात लावू नकोस. आधी बघ."

"काय बघू?"

"पानी कुठनं येतं ते बघ. तू मापं घेतलीस, पानी बघितलंस का?"

मग त्या पावसाळ्याच्या उरलेल्या दिवसांत मी ते एकच काम केलं. पाऊस लागला की रोह्यात जिथे असेन तिथून निघायचो, रशीदभाईंच्या मागच्या पायरीवर छत्री घेऊन बसायचो आणि बघायचो. पहिले दोन दिवस मला नुसतं पाणीच दिसलं. तिसऱ्या दिवसापासून वाटा दिसायला लागल्या. वर आंब्यापाशी डोंगरावरून एक जाड धार उतरत होती, ती फणसाच्या उजवीकडून वळून थेट विहिरीकडे येत होती. डावीकडे मात्र पाणी पसरून, हळूहळू झिरपत होतं. तिथे आपोआप नेचे परत उगवले होते. म्हणजे कुठे काय लावायचं हे जमीनच सांगत होती. मी आजवर नकाशा आधी काढायचो आणि जमीन नंतर बघायचो.

ऑक्टोबरात काम सुरू केलं. चाची आता काठी आणि नूरभाभींचा हात धरून मागच्या दारापर्यंत येत. तिथे खुर्ची मांडलेली असे. खुर्चीवरून त्यांचं सगळ्यांवर लक्ष. "नूर, त्याला पानी दे गो, उन्हातून आलाय." आणि मग माझ्याकडे वळून, "तितं नाय. वर. आनकी वर."

सगळ्यात वर, आंब्यांच्याही मागे, डोंगराच्या पाण्यासाठी आडवा चर खणला आणि तो बाजूच्या ओढ्याला जोडला. तिथे थोडं ऊन होतं, म्हणून चराच्या कडेने वाळा लावला. वाळ्याची मुळं पुरुषभर खोल जातात आणि माती धरून ठेवतात. उताराचे तीन टप्पे केले. टप्प्यांना दगडी गडगे, म्हणजे नुसते दगडावर दगड रचलेले बांध, घालायला गोमा नावाचे एक म्हातारे आले. जन्मभर शेतांचे बांध रचलेला माणूस. सिमेंटचं नाव काढलं तर थुंकायचे.

"दगडाचं तोंड डोंगराकडं झुकवायचं," ते मला दाखवत. "बाहेर झुकलं तर ढकलून देतो. आत झुकलं तर डोंगराला टेकून बसतो, म्हाताऱ्यासारका. आनि फटी बुजवू नको. पान्याला जाऊ दे. पान्याचं आपलं काय वैर नाय."

गडग्यांच्या मधून दगडी पायऱ्या काढल्या, रुंद आणि बुटक्या, काठी टेकत चढता येईल अशा. किती बुटक्या, ते चाचींनी खुर्चीवरून पाय उचलून दाखवलं होतं.

लावणी पावसाच्या तोंडाला केली. ओलसर उजव्या बाजूला सोनटक्का आणि अळू. फणसाच्या दाट सावलीत नेचे, चवर आणि आंबेहळद. फणसावर मिरीची वेल चढवली. गडग्यांच्या कडेला, जिथे सकाळी तासभर उजेड येतो तिथे अबोली. यातलं काहीही विकत आणावं लागलं नाही. डोंगरातून, शेतांच्या बांधांवरून, ओळखीच्यांच्या परसातून आणलं. शेवळांचे कंद मी स्वतः जंगलात फिरून शोधले आणि चाचींना विचारून विचारून त्यांच्या जुन्या जागी परत लावले. वर सगळीकडे पातेरा अंथरला. जो मी गेल्या वर्षी जाळला होता, तोच या वर्षी लोकांच्या वाडीतून पोत्यांनी मागून आणला. लोक हसत होते. हसू दे म्हटलं.

बिनदेखभालीच्या बागेबद्दल लोक मला अजून विचारतात. पेणला एक गुरुजी होते. त्यांना पाणी लागणार नाही, पानं गळणार नाहीत, किडे येणार नाहीत अशी झाडं हवी होती. मी म्हटलं, गुरुजी, प्लास्टिकची घ्या, पण धूळ त्यांचीही पुसावी लागेल. सावलीतल्या उतारावर कमी कष्टाची बाग होते, नक्की होते, पण पहिली दोन वर्षं तिच्यापाशी बसावं लागतं. मुळं धरेपर्यंत. पुढे तिला आपली गरज राहत नाही. हमरापूरला गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या एका घरामागे अशीच जागा होती. मालक म्हणाले, "पावसाळ्यात आमाला जेवाया येळ नसतो, झाडांना कोन बघनार?" तिथे मी नेचे आणि चवर लावले. मूर्तींना रंग देण्याची घाई असते तेव्हा ती आपली आपण फुटतात, वाढतात, आणि कामं संपतात तेव्हा वाळून जमिनीत जातात. त्या घरच्या बायका रंगाने भरलेले हात धुवायला मागे येतात आणि दोन मिनिटं तिथे उभ्या राहतात, असं त्यांनीच मला सांगितलं. एवढं पुरे.

पुन्हा रोह्याकडे येतो. दुसऱ्या वर्षी जुलैत पुन्हा तसाच पाऊस लागला. गावात नदीचं पाणी खालच्या रस्त्यावर आलं. मला घरी बसवेना. छत्री उलटी होत होती, ती मिटून हातात घेतली आणि भिजत गेलो. मागच्या दारात चाची खुर्चीवर बसल्या होत्या. आम्ही दोघं उताराकडे बघत राहिलो. गडग्यांच्या फटीफटीतून पाणी येत होतं, पायऱ्यांवरून उड्या मारत खाली उतरत होतं. मी पुढे होऊन त्यात हात धरला. पाणी स्वच्छ होतं. तळव्याच्या रेषा दिसत होत्या.

"माती हाय का त्यात?" चाचींनी विचारलं.

"नाय."

"बघू."

मी ओंजळ भरून त्यांच्यापाशी नेली. त्यांनी वाकून बघितलं, दोन बोटं बुडवली. मग म्हणाल्या, "पाऊस उघडला की मला वर ने. फणसापर्यंत."

दोन दिवसांनी उघडीप मिळाली. एका बाजूने नूरभाभी, एका बाजूने मी, आणि चाची एकेक पायरी चढत फणसापर्यंत गेल्या. तिथल्या दगडावर बसल्या. हाड मोडल्यावर पहिल्यांदाच त्या वर आल्या होत्या. दम खात त्यांनी खाली आपल्या घराकडे बघितलं, कौलांवरून धूर निघत होता, आणि म्हणाल्या, "नूर, तुज्या भाकऱ्या जळताहेत गो." आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

पण माझं एक काम बाकी होतं. पुढच्या वर्षी रशीदभाई रजेवर आले. दरड आली, लॉन गेलं, हे त्यांना ठाऊक होतं. का गेलं, ते ठाऊक नव्हतं. चाचींनी त्यांना एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी दुसऱ्याच दिवशी गेलो. ते परसातच उभे होते, हातात चहाचा कप, नेच्यांकडे बघत.

"बरं केलंयस," ते म्हणाले. "पन लॉन?"

"रशीदभाई, तेच सांगायला आलोय. इथं लॉन होणार नाही, हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं."

"पयल्या दिवशी?"

"हो. आणि दरड पावसानं नाही आली. भिंत मी चुकीची घातली. फोनवर मी खोटं बोललो."

त्यांनी कप पायरीवर ठेवला. "मग बोलला का नायस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं सांगत होतात. आणि काम मोठं होतं. सोडवलं नाही."

ते पुन्हा नेच्यांकडे वळले. मग म्हणाले, "तो फोटो मी खोलीत भिंतीला लावलाय. लॉन गेलं तरी काढला नाय. आल्या-गेल्याला दाखवतो, हे माज्या घरचं. आनि हितं माजी आय चिखलात पडली." ते आत निघून गेले. कप तिथेच राहिला.

त्या रजेत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. रस्त्यात दिसलो तर नजर वळवत. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पुढच्या रजेला सलामाला मान हलवायला लागले, एवढंच.

मला अजून एक गोष्ट सलते. त्या घराच्या पुढच्या अंगणात, गेटच्या आत, दोन खाटा मांडाव्यात एवढी सपाट जागा होती आणि तिथे दुपारपर्यंत स्वच्छ ऊन यायचं. रशीदभाईंना हवं होतं ते त्यांची पोरं लोळतील असं हिरवं गवत. उतारावरच हवं असं काही नव्हतं. मी त्यांना तेव्हा पुढच्या अंगणात नेऊन नुसती ती जागा दाखवली असती, तरी झालं असतं. ते मला चार वर्षांनी सुचलं. मग मीच तिथे गवत लावून दिलं, आणि ते आलंही छान. पण पोरं तोवर मोठी झाली होती. त्या वयाची मुलं गवतावर लोळत नाहीत. थोरला तिथे सायकल उभी करायचा.

हलीमाचाची पुढे बरीच वर्षं होत्या. दर साली शेवळं निघाली की नूरभाभींच्या हाती माझ्यासाठी एक जुडी यायची. चाची गेल्या तेव्हा मी मय्यतीला गेलो होतो. रशीदभाई तोवर कायमचे परत आले होते. दारात उभे होते. त्यांनी माझा हात धरला, सोडला, आणि पुढच्या माणसाकडे वळले. आमच्यात तेवढंच झालं.

त्यानंतर वर्षभराने, ऐन पावसाळ्यात, एक अनोळखी गृहस्थ माझ्या घरी आले. कोलाडला हमरस्त्यावर त्यांची खानावळ होती. मागे उतार, वर झाडी. गिऱ्हाइकांना बसायला तिथे हिरवळ करायची होती.

"माझा पत्ता कुणी दिला?" मी विचारलं.

"रोह्याच्या रशीदभाईंनी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, दामूला घेऊन जा. काम घ्यायच्या आधी तो नाय म्हणेल. तो नाय म्हणाला तर त्याचं ऐक."

मी त्यांच्यासोबत कोलाडला गेलो. दोन दिवस खानावळीच्या मागच्या पायरीवर बसून पाऊस बघितला. तिसऱ्या दिवशी त्यांना जवळ बोलावून म्हटलं, "इथे लॉन होणार नाही."

ते काही वाद घालायला गेले नाहीत. बाजूची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मग काय होईल ते सांगा."